कस्टमर सक्सेसची मुलाखत : स्वरूप, तयारी आणि काही सावधगिरी

पुण्यातील नोकरीच्या जाहिरातींत अलीकडे ‘कस्टमर सक्सेस’ हे पदनाम वारंवार आढळते. आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेले पदवीधर ते वाचतात आणि बहुधा पुढच्या जाहिरातीकडे वळतात. कोणाला ते कॉल सेंटरचे काम वाटते, कोणाला विक्रीचे, तर कोणाला वाटते की संगणक अभियंत्यांखेरीज इतरांना तेथे प्रवेशच नाही. हे तिन्ही समज अपुरे आहेत. वाणिज्य, कला, विज्ञान अशा कोणत्याही शाखेचा पदवीधर या कामासाठी अर्ज करू शकतो, अशी पदे पुष्कळ आहेत. आपल्या विद्यार्थ्यांच्या अंगी असलेले काही गुण तर या कामात थेट उपयोगी पडणारे आहेत. अडचण येते ती मुलाखतीत. त्या खोलीत काय विचारले जाते आणि का विचारले जाते, हे घरी सांगणारे कोणी नसते. ज्या घरात आधीची पिढी कंपनीत गेली आहे, तेथे ही माहिती जेवताना सहज कानावर पडते. आपल्याकडे ती लिहून द्यावी लागते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

हे काम नेमके कोणते?

पूर्वी एखादी कंपनी सॉफ्टवेअर घेई तेव्हा त्याचा परवाना एकदाच विकत घेई. पैसे दिले, व्यवहार संपला. पुढे इंटरनेटवरून वर्गणीने सॉफ्टवेअर वापरू देण्याची पद्धत आली. अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर रूढ केली. वर्तमानपत्राच्या वर्गणीप्रमाणे ग्राहक येथे ठरावीक मुदतीचे पैसे भरतो आणि मुदत संपली की पुढे चालू ठेवायचे की नाही, हे नव्याने ठरवतो. त्यामुळे विक्रेत्याची खरी कसोटी करारावर सही झाल्यानंतर सुरू होते. घेतलेल्या वस्तूचा ग्राहकाला उपयोग झाला नाही तर तो पुढच्या वर्षी निघून जाणार, हे उघड आहे. त्याला उपयोग होतो आहे ना, हे सतत पाहणारा माणूस कंपनीला हवा असतो. तोच कस्टमर सक्सेस मॅनेजर.

पुण्यात या बदलाची वाट स्पष्ट दिसते. १९९० साली येथे सुरू झालेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्ससारख्या कंपन्यांनी इतरांसाठी सॉफ्टवेअर तयार करून देण्याच्या कामात नाव मिळवले. त्यानंतर स्वतःचे उत्पादन वर्गणीने विकणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. माहितीच्या सुरक्षित साठवणुकीचे काम करणारी ड्रुवा २००८ साली पुण्यात सुरू झाली. करारपत्रांचे व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअर देणाऱ्या आयसर्टिसचा आरंभ २००९ चा, आणि तिचे मोठे कामकाज पुण्यातून चालते. हिंजवडी, खराडी, बाणेर, मगरपट्टा या भागांत परदेशी उत्पादन कंपन्यांची कार्यालयेही आहेत. असे उत्पादन जेथे विकले जाते, तेथे ग्राहक सांभाळणारी माणसे लागतातच.

सपोर्ट, सेल्स आणि कस्टमर सक्सेस यांतला फरक मुलाखतीत जवळजवळ नेहमी विचारला जातो. आपल्या ओळखीच्या उदाहरणाने तो पटकन ध्यानात येईल. विद्यार्थ्याला वसतिगृहात प्रवेश मिळवून देणे हे सेल्सचे काम मानू. तो आजारी पडला की डॉक्टरकडे नेणे हे सपोर्टचे काम. आणि तो वर्षभर नीट जेवतो का, अभ्यासिकेत बसतो का, मागे तर पडत नाही ना, हे त्याने न सांगता पाहणे आणि वर्षाच्या शेवटी तो उत्तीर्ण होऊन पुढच्या वर्गासाठी परत येईल अशी व्यवस्था करणे, हे कस्टमर सक्सेसचे काम. ज्याने चांगला गृहपाल जवळून पाहिला आहे, त्याला या पदाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नवख्या उमेदवाराला एकदम मॅनेजरचे पद सहसा मिळत नाही. असोसिएट, ऑनबोर्डिंग स्पेशालिस्ट, किंवा प्रथम सपोर्ट आणि वर्षा-दोन वर्षांनी कस्टमर सक्सेस, अशा वाटांनी प्रवेश होतो. बँकेत, रुग्णालयात, शाळेत किंवा दुकानात काम केलेल्यांनाही वाट मोकळी असते. कारण त्या क्षेत्राला सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला त्या क्षेत्राची भाषा जाणणारा माणूस हवाच असतो.

मुलाखतीच्या फेऱ्या

प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी निराळी असते. तरी साधारणपणे चार टप्पे संभवतात.

पहिला टप्पा मनुष्यबळ विभागाच्या फोनचा. तो अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. स्वतःची ओळख, या कामाकडे का वळलात, सध्याचा आणि अपेक्षित पगार, कधी रुजू होऊ शकाल, कोणत्या पाळीत काम चालेल, एवढेच विचारले जाते. येथे ज्ञानाची परीक्षा नसते. बोलणे स्पष्ट आहे का आणि माहिती अर्जाशी जुळते का, हे पाहिले जाते. फोन येईल त्या वेळी शांत जागा शोधावी. बसमध्ये असाल तर “अर्ध्या तासाने बोलता येईल का?” असे विचारण्यात काहीही गैर नाही.

दुसरा टप्पा ज्याच्या हाताखाली काम करायचे त्या मॅनेजरचा. येथे अनुभवाविषयी प्रश्न येतात. तिसरा टप्पा प्रत्यक्ष कसोटीचा. एखादी काल्पनिक परिस्थिती देऊन सादरीकरण करायला सांगतात किंवा मुलाखतकार स्वतः नाराज ग्राहक होऊन बोलतो. चौथ्या टप्प्यात सेल्स, उत्पादन किंवा सपोर्ट विभागातील लोक भेटतात. हा माणूस आपल्याबरोबर कसा वागेल, हे त्यांना जोखायचे असते. त्यानंतर पगाराची बोलणी होतात.

यांपैकी बऱ्याच फेऱ्या आता व्हिडिओवर होतात. मोबाईल हातात न धरता पुस्तकांच्या आधाराने डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि प्रकाश समोरून यावा. घरी एकच खोली असेल तर वसतिगृहाची अभ्यासिका किंवा मित्राची खोली आधीच मागून ठेवावी. प्रत्यक्ष बोलावणे आले तर हिंजवडीच्या रस्त्यावरील सकाळची कोंडी गृहीत धरून तासभर अधिक हाताशी ठेवावा. खराडीला जाणाऱ्यांना रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे बस किंवा रिक्षा हा मार्ग सोयीचा आहे.

अनुभव सांगण्याची रीत

मॅनेजरच्या फेरीत प्रश्न बहुधा असे असतात : “कोणी नाराज असताना तुम्ही परिस्थिती सावरल्याचा एखादा प्रसंग सांगा.” “एकाच वेळी अनेक कामे आली तेव्हा क्रम कसा लावलात?” “तुमच्या हाती अधिकार नसताना लोकांकडून काम कसे करवून घेतलेत?” नवखा उमेदवार येथे म्हणतो, “मला कामाचा अनुभव नाही.” हे उत्तर आपल्या विद्यार्थ्याने कधीही देऊ नये. वसतिगृहात राहिलेल्या मुलामुलींनी पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून मेस समितीचे हिशेब ठेवलेले असतात, धान्याची नोंदवही सांभाळलेली असते, धाकट्यांचा अभ्यास घेतलेला असतो, १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची जबाबदारी उचललेली असते. हा अनुभव आहे. तो कामाच्या भाषेत मांडण्याची सवय मात्र करावी लागते.

समजा, एका विद्यार्थ्याने सांगितले : “मी मेस समितीत होतो. आम्ही सगळ्यांनी मिळून चांगले काम केले.” यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आता तोच प्रसंग असा मांडू : “आमच्या मेसमध्ये १२० मुले जेवत. रात्रीचे अन्न रोज उरत असे आणि मुले मात्र जेवणाबद्दल तक्रार करीत. मी आठवडाभर कोणत्या दिवशी काय उरते याची नोंद ठेवली. ज्या दिवशी खेळाचा सराव असे, त्या दिवशी मुले उशिरा येत आणि थंड जेवण टाकून देत, असे दिसले. मी स्वयंपाकीण मावशी आणि गृहपालांशी बोलून त्या दोन दिवसांची वेळ पाऊण तासाने पुढे नेली. महिन्याभरात उरणारे अन्न निम्म्यावर आले.” परिस्थिती काय होती, आपल्यावर काय जबाबदारी होती, आपण स्वतः काय केले आणि परिणाम काय झाला, या चार पायऱ्या येथे क्रमाने आल्या आहेत. तक्रारीमागचे कारण शोधणे, नोंद ठेवणे, ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही त्यांना विश्वासात घेणे आणि परिणाम मोजणे, हेच तर कस्टमर सक्सेसचे रोजचे काम आहे.

एक सूचना येथे आवर्जून करावीशी वाटते. सामूहिक जीवनाच्या संस्कारामुळे आपली मुले ‘आम्ही केले’ असे म्हणतात. हा संस्कार मोलाचा आहे. पण मुलाखतकाराला समोरच्या एका व्यक्तीने काय केले हे समजून घ्यायचे असते. म्हणून श्रेय सर्वांना द्यावे आणि आपला वाटा ‘मी’ या शब्दाने स्पष्ट सांगावा. त्यात अहंकार नाही, अचूकता आहे. असे पाच-सहा प्रसंग आधी वहीत लिहून काढावेत आणि प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत मोठ्याने सांगून पाहावा. केवळ प्रसंग खरा हवा. बनवलेला प्रसंग पुढच्या दोन प्रश्नांत उघडा पडतो.

आकडे आणि संज्ञा

या क्षेत्रातील काही शब्द मुलाखतीत हमखास कानी येतात. नवा ग्राहक उत्पादन वापरू लागेपर्यंतच्या काळाला ऑनबोर्डिंग म्हणतात. मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवणे म्हणजे रिन्यूअल. ग्राहक सोडून जाणे म्हणजे चर्न. ग्राहकाचा वापर, तक्रारी, देयके यांवरून त्याच्या स्थितीला दिलेला गुणांक म्हणजे हेल्थ स्कोअर. तीन महिन्यांनी ग्राहकाबरोबर घेतलेल्या आढावा बैठकीला क्यूबीआर असे म्हणतात. एनपीएस हा शब्दही येतो. “आमची शिफारस तुम्ही इतरांना कराल का?” या प्रश्नाला ग्राहक ० ते १० पैकी गुण देतो. ९ व १० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा केली की एनपीएस मिळतो. फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ साली ही कल्पना मांडली.

संज्ञा पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण हाताने सोडवावे. एका कंपनीकडे वर्षारंभी ४० ग्राहक आहेत आणि त्यांची एकूण वार्षिक वर्गणी २०० लाख रुपये आहे. वर्षभरात ४ ग्राहक सोडून गेले. त्यांची वर्गणी १० लाख होती. राहिलेल्यांपैकी काहींनी वापर कमी केल्यामुळे आणखी ६ लाख घटले. इतर काही जुन्या ग्राहकांनी वापर वाढवल्याने २६ लाखांची भर पडली. आता ग्राहकसंख्येच्या हिशेबाने गळती १० टक्के झाली. वर्गणीच्या हिशेबाने २०० पैकी १८४ लाख टिकले, म्हणजे ९२ टक्के. याला ग्रॉस रिटेन्शन म्हणतात. वाढ धरली तर २१० लाख, म्हणजे १०५ टक्के. हे नेट रिटेन्शन.

चांगला मुलाखतकार येथे थांबत नाही. तो विचारतो, “या आकड्यांवरून तुम्हाला काय दिसते?” दहा टक्के ग्राहक गेले, पण त्यांच्याबरोबर वर्गणी पाचच टक्के गेली, म्हणजे जाणारे ग्राहक लहान होते. मग लहान ग्राहकांकडे दुर्लक्ष होते आहे का? की हे उत्पादनच त्यांच्यासाठी नाही? १०५ टक्के हा आकडा ही गळती झाकतो, हेही ध्यानात यायला हवे. बेरीज-वजाबाकी एवढेच गणित येथे लागते. आकड्यामागे माणूस शोधण्याची सवय मात्र लागते.

कसोटीची फेरी

सादरीकरणासाठी बहुधा अशा प्रकारची परिस्थिती देतात. समजा, चाकण येथील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याने मालसाठ्याच्या नोंदीसाठी तुमच्या कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले. ५० जणांसाठी वर्गणी भरली; प्रत्यक्षात १८ जणच वापरतात. नूतनीकरणाला ९० दिवस उरले आहेत. तुम्ही काय कराल?

घाईचा उमेदवार लगेच सवलत देऊ करतो किंवा सर्वांसाठी पुन्हा प्रशिक्षण ठेवतो. मुलाखतकार पाहतो तो क्रम. आधी माहिती : न वापरणारे ३२ जण कोण आहेत? कार्यालयातले की शॉप फ्लोअरवरचे? सॉफ्टवेअर घेण्याचा निर्णय कोणी घेतला होता, आणि त्या व्यक्तीला त्यातून काय साधायचे होते? ती व्यक्ती अजून तेथे आहे का? मग प्रत्यक्ष वापरणाऱ्यांशी बोलणे. कदाचित असे दिसेल की सुपरवायझर मंडळींना इंग्रजी पडद्यावरील सूचना अडचणीच्या वाटतात आणि ते वहीतच नोंद करतात. अशा वेळी मराठीतून तासाभराचे मार्गदर्शन आणि एका पानाची मराठी माहितीपत्रिका जे काम करील, ते मोठ्या सादरीकरणाने होणार नाही. त्यानंतर ३० दिवसांत वापर कुठवर न्यायचा हे ग्राहकाबरोबर ठरवणे, मध्ये आढावा घेणे, आणि धोका असेल तर तो आपल्या कंपनीत वेळीच सांगणे. शेवटी ग्राहकाला खरोखर ३० जणांचीच गरज असेल, तर तसे सांगण्याची तयारीही ठेवावी. न वापरलेल्या २० जागांचे पैसे एक वर्ष मिळतील, पण पुढच्या वर्षी संपूर्ण ग्राहक जाईल.

दुसरा प्रकार नाराज ग्राहकाचा. मुलाखतकार आवाज चढवून म्हणतो, “तुमच्या सॉफ्टवेअरमुळे आमच्या २०० कामगारांचा पगार अडकला आहे!” अशा वेळी ताबडतोब क्षमायाचनांचा वर्षाव करणे किंवा “ही चूक आमच्या टेक्निकल टीमची आहे” असे म्हणणे, दोन्ही घातक. प्रथम पूर्ण ऐकून घ्यावे. मग त्याचीच अडचण आपल्या शब्दांत परत सांगावी : “म्हणजे आज संध्याकाळपर्यंत पगार जमा व्हायला हवा आणि यादी पुढे सरकत नाही, बरोबर?” जे ठाऊक आहे ते सांगावे. जे ठाऊक नाही ते कोणाकडून आणि किती वेळात कळवू, ते सांगावे. “तासाभरात दुरुस्त होईल” असे वचन आपल्या हाती नसेल तर देऊ नये. “तासाभरात मी स्वतः फोन करीन” हे वचन आपल्या हाती आहे, ते द्यावे आणि पाळावे. रोज सम्यक वाचेचा पाठ ऐकत वाढलेल्या मुलांना हे परके वाटू नये. खरे, हिताचे आणि योग्य वेळी बोलणे, हीच येथली कसोटी आहे.

इंग्रजीचा प्रश्न

बहुतेक मुलाखती इंग्रजीतून होतात आणि ग्राहक परदेशी असेल तर कामही इंग्रजीतूनच चालते. हे वास्तव टाळता येणार नाही. तरीही येथे लागणारे इंग्रजी अलंकारिक नसते. लहान वाक्ये, नेमके क्रियापद, सावकाश गती आणि न समजल्यास पुन्हा विचारण्याची तयारी, एवढ्यावर पुष्कळ काम भागते. उच्चार बदलण्याच्या नादी लागू नये, स्पष्टता वाढवावी. रोज पंधरा मिनिटे मोबाईलवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकावे. याबरोबरच लेखनाकडे लक्ष द्यावे, कारण या कामाचा मोठा भाग ईमेलचा असतो. काही ठिकाणी ग्राहकाला पाठवायचा ईमेल तेथेच लिहून मागतात. पहिल्या ओळीत मुद्दा, मग तपशील, शेवटी कोणी काय केव्हा करायचे, असा तो असावा.

कुटुंबाविषयीचा प्रश्न

“घरी कोण कोण असते? वडील काय करतात?” हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो आणि त्याची चर्चा उघडपणे होत नाही. म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

ही अस्वस्थता निराधार नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासह २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक केवळ नावांचा होता. आडनावावरून दलित वाटणाऱ्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश भरले. मुस्लिम नावांच्या बाबतीत ते सुमारे एक-तृतीयांश होते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, आपण केवळ गुणवत्ता पाहतो असे म्हणणारे अधिकारीच उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी आवर्जून विचारतात आणि तीवरून त्याच्या स्वभावाचे अंदाज बांधतात.

हे सांगण्याचा उद्देश भीती घालण्याचा नाही. अर्ज पुढे गेला नाही तर दोष प्रत्येक वेळी आपल्यातच होता असे मुलांनी मानू नये, आणि हा प्रश्न आला तर गोंधळू नये, यासाठी ते माहीत असावे. उत्तर खरे, थोडके आणि कामाकडे नेणारे असावे. “वडील बांधकामावर काम करतात, आई घरकाम करते. मी पाचवीपासून वसतिगृहात राहून शिकलो. त्यामुळे स्वतःचे वेळापत्रक सांभाळणे आणि वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांबरोबर जुळवून घेणे लवकर शिकलो.” येथे थांबावे. आईवडिलांचे कष्ट लपवू नयेत आणि सहानुभूतीसाठी वापरूही नयेत. वसतिगृहाचे नाव अर्जात अभिमानाने लिहावे. जात, धर्म, विवाहाचा विचार यांविषयीच्या प्रश्नांना तपशीलवार उत्तर देण्याचे कोणतेही बंधन नाही. “या कामाशी त्याचा संबंध समजला तर उत्तर देणे सोपे जाईल,” असे शांतपणे म्हणता येते. ऐकणारा समजूतदार असेल तर विषय तेथेच संपतो. समजूतदार नसेल, तर त्या जागेविषयी आपल्यालाच काही कळून चुकते.

आपण विचारायचे प्रश्न

शेवटी “तुम्हाला काही विचारायचे आहे का?” असे विचारतात. “नाही” हे उत्तर उदासीनता दाखवते. एका व्यक्तीकडे किती ग्राहक असतात? पहिल्या ९० दिवसांत माझ्याकडून काय अपेक्षित आहे? ग्राहक सोडून जाण्याचे मुख्य कारण कोणते? नूतनीकरणाचे उद्दिष्ट या पदावर असते की सेल्सवर? या प्रश्नांतून आपली समज दिसते आणि कामाचे खरे स्वरूपही कळते. नाव कस्टमर सक्सेसचे आणि काम दिवसभर फोनवर विक्रीचे, असे आढळल्यास निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा.

पाळीविषयी स्पष्ट विचारावे. अमेरिकेतील ग्राहक असतील तर काम संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीपलीकडे जाऊ शकते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना त्यांच्या संमतीनेच काम देता येते आणि संरक्षण व घरापर्यंतच्या वाहतुकीची व्यवस्था मालकाने करावयाची असते. मुलीची नोकरी रात्रीची आहे एवढ्यावरून पालकांनी नकार देऊ नये. गाडी दारापर्यंत येते का, रात्री कार्यालयात आणखी कोण असते, हे विचारून ठरवावे.

पगाराच्या बाबतीत सीटीसी आणि हातात येणारी रक्कम यांत गल्लत होते. पाच लाखांचा सीटीसी म्हणजे दरमहा ४१,६६६ रुपये हाती येतील, असे नव्हे. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, उपदान, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम बहुधा त्यातच धरलेली असते. दरमहा निश्चित किती मिळेल, हे लेखी मागावे. त्यात संकोच नको.

पालकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. नोकरी देण्यासाठी प्रशिक्षण शुल्क, अनामत रक्कम किंवा लॅपटॉपचे पैसे मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये. मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवून परत घ्याव्यात. नियुक्तिपत्र कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून आले आहे का, हे तपासावे. सेवेचे बंधनपत्र असेल तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे.

तयारीची व्यवस्था

मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी आभाराचा चार ओळींचा ईमेल पाठवावा आणि विचारलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवावेत. नकार आला तर कारण नम्रपणे विचारावे. काही जण सांगतात. तीन-चार मुलाखतींनंतर ती वही कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी ठरते. आणि ती आपल्या मागून येणाऱ्या मुलासाठी वसतिगृहाच्या ग्रंथालयात ठेवता येते.

या वाचनाला सरावाची जोड हवी. पुण्यात निरनिराळ्या कंपन्यांत, बँकांत आणि कार्यालयांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार दोन तास काढून अंतिम वर्षाच्या मुलांच्या सराव मुलाखती घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. प्रश्न या लेखात दिले आहेत. खोली आणि चहा वसतिगृहात मिळतो. समोर बसून, थोडे कठोर होऊन विचारणारे आपले माणूस मिळाले, की परक्या खोलीतल्या प्रश्नाची धास्ती बरीच कमी होते. माजी विद्यार्थ्याला एवढे देणे सहज शक्य आहे.